पिंप फिरवायचं राहिलं

प्रिय हेल्वीआत्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की आधी घाबरशील आणि मग चष्मा शोधशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो: मी धडधाकट आहे, कुठे अटकेत नाही, आणि कुणाशी लग्नही केलेलं नाही. चार वर्षांत तुला माझी तीन कार्डं आली. त्यातल्या एकावर तर नुसतं रेनडिअर होतं, मजकूर लिहायचाच राहिला. हे मात्र पत्र आहे. हेलसिंकीतून लिहितोय, वीक्कीतल्या एका प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावरून. रविवारची दुपार आहे, इमारतीत माझ्याशिवाय कुणी नाही, नुसती फ्रीजांची घरघर. माझ्याकडे तासभर आहे आणि तो मला या खुर्चीत बसूनच काढायचाय. का, ते आत्ताच सांगितलं तर पुढचं लिहिणं व्हायचं नाही. एवढं मात्र आधीच सांगतो, की उद्या सकाळी नऊला इथे बैठक आहे आणि मीरका नावाची एक बाई सगळ्यांसमोर उठून आपलं तीन वर्षांचं काम फसलं असं सांगणार आहे. ते फसलेलं नाही. हे फक्त मला माहीत आहे.

मी प्रयोगशाळेत काय करतोय, असं तू मोठ्याने म्हणालीस ते मला इथपर्यंत ऐकू आलं. भांडी घासतो. खरंच. तालिनच्या बोटीवर ताटं घासत होतो, तिथे एकाने सांगितलं की वीक्कीत काचेची भांडी घासायला माणूस हवाय, तिथे काट्याला चिकटलेलं मटण नसतं. म्हणून आलो. त्याआधी नॉर्वेत वार्डोला मासे कापत होतो, त्याआधी सुओनेनयोकीला स्ट्रॉबेऱ्या तोडल्या. तिथे एक युक्रेनची आजी होती, ती बेरी तोडताना गायची आणि गाणं संपलं की टोपली भरलेली असायची, मी मात्र गाणं ऐकत बसायचो... असो. सांगायचं काय, तर इथे मी फेब्रुवारीपासून आहे. नऊ महिने. मोजून बघ, गाड्या दुरुस्त करायच्या शाळेतसुद्धा मी इतका टिकलो नव्हतो.

टिकलो मीरकामुळे. ती लाहतीकडची, पस्तिशीची, उंच, आणि तिच्या खिशात कायम राईच्या पावाचा कडक तुकडा असतो. मी भांड्यांची गाडी ढकलत तिच्या टेबलाजवळून जायचो. एकदा विचारलं, की बाई, तू दिवसभर त्या रंग नसलेल्या पाण्याकडे काय बघतेस. इथे कुणी कुणाला असं विचारत नाही. तिने तुकडा चघळत अर्धा तास सांगितलं आणि माझी गाडी तशीच उभी राहिली.

तिने सांगितलं ते तुला माझ्या भाषेत सांगतो. प्रथिन म्हणजे एक लांबलचक दोरा, गुंडाळून आकार घेतलेला. काही दोऱ्यांच्या मध्ये एक आगंतुक तुकडा असतो, त्याला इंटीन म्हणतात. हा तुकडा स्वतःच स्वतःला कापून बाहेर पडतो, आणि जाताना मागची दोन टोकं एकमेकांना जोडून देतो, अशी की गाठ दिसत नाही. ना कात्री, ना सुई, ना शिंपी. जगातल्या खारट तळ्यांमध्ये, जिथे मासा जगत नाही, तिथे राहणाऱ्या जिवांमध्ये असे काही इंटीन सापडतात की ते खाऱ्या पाण्यातच काम करतात. साध्या पाण्यात नुसते पडून राहतात. मीरकाने त्यांचं पाहून एक साधाच इंटीन घेतला आणि त्याच्या अंगावर ऋण भाराचे ठिपके शिवले. ती म्हणते, गाडीच्या मागच्या सीटवर पाच भावंडं कोंबली की ती कशी एकमेकांना कोपरं मारतात, तसे हे ठिपके एकमेकांना ढकलतात, त्यामुळे प्रथिन सैल राहतं, आकार धरत नाही. मीठ टाकलं की प्रत्येक दोघांत एक आई येऊन बसते. सगळे गप्प. मग प्रथिन आकार धरतं, आणि आकार धरला की कापतं, जोडतं. म्हणजे मीठ टाकाल तेव्हा शिवण, नाही टाकाल तोवर नाही. काही औषधं म्हणे एका तुकड्यात बनवताच येत नाहीत. दोन अर्धे वेगळे बनवून मिठाने जोडता आले तर. मला हे इतकं आवडलं आत्या, की त्या रात्री झोपेपर्यंत मी चिमटीत मीठ घेऊन बघत होतो.

आता हे खरंच तसं होतं का, हे बघायला खालच्या तळघरात एक मोठं चुंबक आहे. त्यात नळी ठेवली की प्रथिनाचा आकार कळतो, साध्या पाण्यातला वेगळा, मिठातला वेगळा. पण त्या चुंबकाची रांग वर्षवर्ष आधी लागते. मीरकाला नोव्हेंबरातले दोन आठवडे मिळालेत. अट एवढीच, की त्याआधी नळीत जोडणी झालेली दाखवायची. वसंतात तिने स्वतःच्या हाताने एक छोटा प्रयोग केला होता, तेव्हा झाली होती, अगदी पुसट.

मग ऑगस्टमध्ये तिच्या सायकलचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. मदतीला जो विद्यार्थी यायचा तो आधीच स्वीडनला गेलेला. ती प्लास्टर घेऊन माझ्या भांड्यांपाशी आली आणि म्हणाली, "ओत्सो, मला दोन हात उसने दे." आत्या, मला आजवर लोकांनी पाठीसाठी ठेवलं, पायांसाठी ठेवलं. हातांसाठी कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी तिच्या आठवडाभराच्या प्रथिनाची वाट लावली. बाटली केचपसारखी खडखडा हलवली. फेस झाला, आणि फेसात प्रथिन मरतं, अंडं फेटल्यासारखं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी पण काही बोललो असतो. तिने डाव्या हाताने जाड पेनाने एक कागद लिहिला आणि थंड खोलीच्या दारावर लावला: नळीत प्रथिन घे. तितकाच खार टाक. हळू. फेस नको. दर तासाला थेंब काढून ठेव. बस्स.

तो कागद मी देवाच्या वचनासारखा पाळला. नुसता हळू नाही, त्याहून हळू. मी लांब काचेची पिपेट शोधली, तिचं टोक नळीच्या तळाला टेकवलं, आणि घट्ट खार, म्हणजे मिठाचं पाणी, असा सोडला की वरचं पाणी हललंसुद्धा नाही. उशिरा आलेला पाहुणा चर्चमध्ये मागच्या बाकावर सरकतो ना, तसा. फेसाचा एक बुडबुडा नाही. खार सोडून होईपर्यंत मीरका शेजारी उभी राहून बघायची आणि आपल्या टेबलाकडे वळताना म्हणायची, तुझा हात काय स्थिर आहे रे. मला इतका अभिमान वाटायचा की घरी जाताना मी ट्राममध्ये स्वतःच्या हातांकडे बघायचो. मग दर तासाला वरून एक थेंब काढायचा, दुसऱ्या दिवशी ते थेंब जेलवर चढवायचे. जेल म्हणजे जेलीची वडी, तिच्यात प्रथिनं निळ्या पट्ट्यांनी उमटतात. जोडणी झाली की वरची जाड पट्टी विरते आणि खाली दोन नव्या येतात. आमच्याकडे वरची पट्टी. सात वेळा केलं. सातही वेळा नुसती वरची पट्टी.

तू आत्तापर्यंत ओळखलं असशील. मला सात आठवडे लागले.

त्या सात आठवड्यांत मीरका बारीक झाली. आधी मिठावर संशय, मग प्रथिनावर, मग स्वतःवर. सगळे ठिपके कागदावर काढून रोज खोडायची, पुन्हा काढायची. आमचे प्रमुख आउलिस, ते आठवड्याला तीन वाक्यं बोलतात. गेल्या सोमवारी त्यातलं एक तिच्यासाठी खर्च केलं: चुंबक कुणाची वाट बघत नाही. पुढच्या सोमवारपर्यंत दाखव, नाहीतर ते दोन आठवडे शेजारच्या गटाला. चुंबक गेलं की वर्षाअखेर संपणारं तिचं कंत्राट पुढे वाढवायला कारणच उरत नाही. लाहतीजवळ चीजच्या कारखान्यात तिला जागा मिळतेय, तिने जवळजवळ होकारही दिलाय. गुरुवारी शेवटचं जेल बघून ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता विचारेल, ओत्सो, नक्की कसं करतोस, एकदा दाखव. ती म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही. दोष माझ्या शिलाईत आहे." आणि मला वेलदोड्याचा पाव दिला.

आता शुक्रवारचं सांगतो. हे सांगायला जड जातंय.

शुक्रवारी तू बंदरावर होतीस. सिलाक्का माशांच्या बाजारात, डावीकडून तिसरी होडी, निळं छप्पर, पुढे तुझी दोन पिंपं आणि बरण्यांची रांग. अर्ध्या बोटांचे हातमोजे. मी तुझ्या रांगेत उभा होतो, आत्या. माझ्यापुढे तिघं होती. एक म्हातारा, एक कुत्रं घेतलेली मुलगी, आणि लांब कोटातली एक बाई. मी मनात वाक्य जुळवत होतो. तुला पाहून खूप बरं वाटलं, आणि पळून जावंसंही वाटलं. त्या कोटवाल्या बाईला घाई होती. तिने वरवरचेच चार मासे दे म्हणून बोट दाखवलं. तू लाकडी डाव पार तळापर्यंत खुपसलास आणि सावकाश वर आणत, एकदा, दोनदा, सगळं पिंप खालवर केलंस. ती बाई म्हणाली, मला ट्राम पकडायचीय. तू मान वर न करता म्हणालीस, "खार तळाशी झोपतो, बाई. त्याला उठवल्याशिवाय मी कुणाला मासा देत नाही."

माझ्या कानांत वारा होता तरी ते मला चर्चच्या घंटेसारखं ऐकू आलं. खार तळाशी. आणि मी सात आठवडे तोच खार इतक्या मायेने तळाशी नेऊन निजवत होतो, वर प्रथिन तसंच गोड्या पाण्यात, आणि थेंब काढायचो वरून. दोन्ही पाणी रंग नसलेली, डोळ्यांना एकच दिसतात. मीरकाच्या कागदावर 'उलटसुलट कर' असं लिहिलेलंच नव्हतं, कारण ते इथे कुणीच लिहीत नाही. खार टाक म्हणजे टाक, आणि नळीला बूच लावून दोनचार वेळा हलकेच उलटी कर, हे या लोकांच्या हातांतच असतं, जसं तुझ्या. त्यांना वाटलं मला ठाऊक असेल. आणि मला ठाऊक होतं, आत्या. हेच तर. मला बारा वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं. पण पिंपाचा खार आणि या चकचकीत खोलीतला खार एकच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. इथे कोण माशांच्या गोष्टी सांगणार, म्हणून मी आपलं गाव, कुस्तावी, दाराबाहेर काढून ठेवत होतो, चिखलाच्या बुटांसारखं.

मी रांग सोडली. तुला भेटलो नाही. तू वर पाहिलं असतंस तर पाठ दिसली असती. बस पकडून इथे येताना सगळा रस्ता मला ती शरदातली पिंपं दिसत होती. आता तेही लिहितो, कारण त्याशिवाय बाकीचं खोटं पडेल.

मी पंधराचा होतो. पिंपं बंद केल्यावर रोज सकाळी अर्धा वेढा फिरवायची, सहा आठवडे, हे माझं काम होतं. पहिले दहा दिवस मी फिरवली. मग यारिक्कोच्या मोटारसायकलीचं इंजिन उघडलं आणि त्यात रमलो. तू विचारायचीस, फिरवलीस का, मी हो म्हणायचो. नोव्हेंबरात चार पिंपांचं झाकण काढलं तर वरचा सगळा थर मऊ पडलेला, वास सुटलेला. तू मिठाला दोष दिलास. म्हणालीस, कालेर्वोने यंदा मीठ भेसळीचं दिलं. वीस वर्षं ज्याच्याकडून घेत होतीस, त्याच्या दुकानात जाऊन चारचौघांत सुनावलंस. तो म्हणाला, हेल्वी, मीठ चांगलं आहे. तू ऐकलं नाहीस. मी दारात उभा होतो. मी काहीही बोललो नाही. नंतर त्याने कधी तुझ्याशी बोलणं ठेवलं नाही, आणि तो गेला तेव्हा तू चर्चमध्ये गेली नाहीस. मी पुढच्याच वसंतात ऊसीकाउपुंकीला पळालो, शाळेचं निमित्त करून. मीठ चांगलं होतं, आत्या. पिंपं मी फिरवली नव्हती. कालेर्वोला हे आता कुणी सांगू शकत नाही. तुला सांगतोय, सात वर्षं उशिरा.

काल सकाळी मी इथे आलो. फ्रीजमध्ये मीरकाचं शेवटचं प्रथिन होतं, दोन नळ्यांपुरतं, आणि ते चुंबकासाठी राखलेलं. कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हेही मोज. एक नळी नेहमीसारखी केली, अगदी स्थिर हाताने. दुसरीला बूच लावलं आणि तुझा डाव डोळ्यांपुढे आणून सावकाश उलटी केली, सरळ केली, वीस वेळा. एक बुडबुडा झाला नाही. मग दर तासाला थेंब. संध्याकाळी जेल. आज सकाळी त्यावरचा निळा रंग उतरला आणि मी एकटाच त्या दिव्यापुढे उभा होतो. निजवलेल्या नळीचं: वरची पट्टी, तशीच. फिरवलेल्या नळीचं: वरची पट्टी जवळजवळ नाहीशी, आणि खाली दोन, स्वच्छ, शिसपेन्सिलीने ओढल्यासारख्या. खात्रीसाठी निजवलेल्या नळीत मधोमध, जिथे दोन पाण्यांची हद्द असते, तिथूनही एक थेंब काढून चढवला होता. तिथेही खाली दोन पट्ट्या. म्हणजे बिचारं प्रथिन जिथे जिथे मिठाला शिवलं होतं तिथे तिथे आपलं काम करत होतं. सात आठवडे. आम्हीच वरून बघत होतो. मीरकाची शिलाई पक्की आहे.

आता सरळ वाटेल, की जेल दाखव आणि मोकळा हो. पण दाखवायचं म्हणजे मीरकाला सांगायचं, की तू ज्यासाठी स्वतःला खात होतीस ते माझ्या हातांनी झालं, आणि तुझं राखून ठेवलेलं शेवटचं प्रथिनही मी न विचारता संपवलं. नव्याने बनवायला दहा दिवस लागतील, म्हणजे चुंबकाला जेमतेम पोचेल. मला एक सोपी वाट सुचली होती. जेल तिच्या टेबलावर ठेवायचं, खाली दोन ओळी, नाव नाही, आणि जायचं. पिशवी शुक्रवारपासूनच भरलेली आहे, काय लपवू. वार्डोच्या मासळीवाल्या तापानीचा फोन आला होता, हिवाळ्यात माणसं कमी आहेत, ये म्हणून. पण नाव नसलेल्या कागदावर आउलिस विश्वास कसा ठेवतील? विचारतील, कुणी केलं, काय वेगळं केलं, पुन्हा करून दाखव. मीरका कारण शोधत बसेल, आणि उद्या नऊला तिच्याकडे वेळ नसेल. तो खार कसा निजला हे फक्त निजवणाऱ्यालाच सांगता येतं. शिवाय नवं प्रथिन बनवायला तिला दोन हात लागतील. तिचं प्लास्टर अजून तीन आठवडे आहे.

म्हणून मी पावणेबाराला तिला फोन केला. ती पोर्वोला बहिणीकडे होती. मी म्हणालो, प्रयोगशाळेत ये, जेल दाखवायचंय, आणि एक गोष्ट सांगायचीय जी ऐकून तू मला हाकलशील. ती म्हणाली, बारा वाजताची बस घेते. फोन ठेवल्यावर माझे पाय मागच्या जिन्याकडे वळले. खरंच वळले, मी त्यांना पाहिलं. आजवर मला तासभर एका जागी बसवू शकलेलं माणूस एकच, ते तू, स्वयंपाकघरातल्या बाकावर, पाढे पाठ होईपर्यंत. तेव्हा मी भांड्यांच्या खोलीतून वही आणली, इथे बसलो आणि 'प्रिय हेल्वीआत्या' असं लिहिलं. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच आहे, की ती येईपर्यंत मी उठू नये. लिहिता लिहिता कालेर्वोचं निघालं, ते बरं झालं. आता हेच सगळं पुन्हा एकदा मोठ्याने म्हणायचं आहे, समोर माणूस ठेवून. थांबा दिसतो मला इथून. बस आली आहे. एक बाबागाडी उतरली, मग ती, कोट खांद्यावर नुसता टाकलेला, प्लास्टर बाहीत मावत नाही म्हणून. वर खिडकीकडे बघतेय. मी हात केला. आता जिन्यावर पावलं वाजतायत, आणि मी बसलेलो आहे.

तुझाच, अजून खुर्चीत असलेला,
ओत्सो